व्याह्याच्या बागेतली आखाजी

काळा पाइप दिवसभर उन्हात पडून असतो. संध्याकाळी तोटी सोडली की आधी पाणी येत नाही, वास येतो. तापलेल्या रबराचा, शेवाळाचा, कढत वाफेचा. ते पहिलं पाणी रस्त्यावर सोडून द्यायचं असतं, नाहीतर कोवळं रोप उकडून जातं. सावद्याच्या रस्त्याला आमची रोपवाटिका आहे. तिथे हा वास मी उभा जन्म घेतला. पण अलीकडे तो नाकात शिरला की मला एकच माणूस आठवतो आणि तोंड कडू होतं. तो माझा व्याही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंत होता तेव्हाही मी त्याच्या तोंडावरच बोलत होतो, तेव्हा आता लपवू कशाला.

त्याचीही रोपांचीच बाग होती, सोनगीरच्या अलीकडे, हायवेला लागून. एकाच धंद्यातलं घर म्हणून मी पोर दिली. मला वाटलं, पोरीच्या हाताची कदर होईल. झाली, पण अशी झाली की पहिल्याच आखाजीला तो तिला माहेरी पाठवायला तयार होईना. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते. दिवाळी चुकली तर चालते, आखाजी चुकत नाही. आता हा सण पडतो नेमका वैशाखात, आणि वैशाखात रोपवाटिकेतून माणूस हलवणं म्हणजे घरात आजाऱ्याला एकटं टाकून जाणं. पिशवीतली माती मूठभर. सकाळचं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही. झळ आली की लिंबाची पानं पापडासारखी वाजतात, मोगरा माना टाकतो, आणि तुराट्यांचा मांडव कितीही दाट घातला तरी ऊन कुठून तरी बोट घालतंच. हे सगळं मला कोणी सांगायला नको होतं. तरी मी तिला आणायला गेलो. चौथी शिकलेला माणूस आहे, पण माझी पोर कुठे राहील हे दुसऱ्याने ठरवावं एवढा अडाणी नाही.

तो बाजेवर बसला होता. उठला नाही. म्हणाला, "आबा, सून धाडसू. पन बागले पानी कोन टाकी? तुम्ही?"

आजूबाजूची माणसं हसली. त्याला वाटलं, मी खाली मान घालून एसटी धरेन.

"मीच टाकीन," म्हटलं. "तिला आत्ता पाठवा."

पोर दारात उभी राहून ऐकत होती. "बाबा, तुम्ही कशाला?" म्हणाली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. जावयाने तिला टेम्पोत बसवलं आणि सावद्याला नेलं, आणि मी, जो तिला न्यायला आलो होतो, तो तिच्याच सासरी हातात पाइप धरून उभा राहिलो.

आता आमच्यात लेकीच्या घरचं पाणी बाप पीत नाही. तशी ही रीत पाळणारे कमी झाले, पण मी पाळणारच होतो, आणि त्या अंगणात तर दुप्पट पाळणार होतो. भाकरी मी फडक्यात बांधून आणलीच होती, कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, कोरडी. पाण्याला हायवे ओलांडून पलीकडच्या पाणपोईवर जायचो. एवढ्या रोपांना पोटभर पाजायचं आणि स्वतः ट्रकांच्या धुळीतून तांब्याभर पाण्याला चालत जायचं. तो बाजेवरून सगळं पाहायचा.

"झाडे पानी पितस, आबा. तुम्ही काब्र पितस नही? माठ भरेल शे."

"तुमच्या माठातलं पाखरांना ठेवा."

"पाखरे तुम्हनापेक्षा शहाणा शेतस."

असं आमचं चालायचं. तो माझं पाणी तपासायला ओळीओळीने फिरायचा, आणि खोट सापडली नाही की जास्तच चिडायचा. मला ते बरं वाटायचं. रात्री मांडवाखाली पडलो की मनात यायचं, आता ती आईच्या हातचा आमरस खात असेल, शेजारच्या पोरींबरोबर गौराईची गाणी म्हणत असेल. आखाजी मी तिला मिळवून दिली होती. मी तिथे नव्हतो, एवढंच.

तिने आठवडाभर माहेरी राहायचं ठरलं होतं. आखाजी झाली आणि दुसऱ्याच दिवशी, भर उन्हात, ती हायवेला एसटीतून उतरली. मला वाटलं, घरी काही झालं. ती सरळ पपईच्या ओळीत गेली, पिशवी खाली ठेवली, मातीत बोट घातलं.

"बाबा, पपईला पाणी जास्त झालंय," म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मन लागेना हो. आई झोक्यावर बसवत होती, आणि मला नुसती इथली झळ दिसत होती."

मी व्याह्याकडे पाहिलं. आता बोल म्हटलं मनात, हास, जिंकलास. तो बाजेवरून उठला, माठातलं पाणी तांब्यात घेतलं, माझ्यासमोर आणून धरलं. मी घेतलं नाही. तो तसाच धरून उभा राहिला, हात भरून येईपर्यंत. मग तांब्या त्याने खाली ठेवला आणि मी एसटीला निघालो.

लग्नात भाषण करणारे सांगतात, लेक म्हणजे रोप, एका मातीतून दुसऱ्या मातीत जायचं. मी जन्मभर रोपं उपटून लोकांच्या हवाली केली. एकानेही मागे वळून मला माझं पाणी चुकलं म्हणून सांगितलं नाही.

आता ती बाग तीच चालवते. व्याही जाऊनही बरेच उन्हाळे झाले. माणूस गेला की राग जातो म्हणे. माझा गेला नाही. तो तेव्हा हसला असता तर भांडून मोकळा झालो असतो. हसला नाही म्हणून मला तो राग अजून सांभाळावा लागतो.