शेवटची पाटी

पाटीतले पाणी सांडते म्हणून कंडक्टर बसमध्ये घेत नसे. त्यामुळे द्वारका आणि आणखी चौघी मासेवाल्या भरल्या पाट्या डोक्यावर घेऊन खाडीचा पूल पायीच ओलांडत. पुलावर पायी चालणाऱ्याला वीतभर जागा नाही. लोक वर सांगणार, मागे बघून चाला! डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मान वळवून दाखवा एकदा. म्हणून त्यांचा नियम होता: शेवटच्या बाईने कान मागे ठेवायचे आणि "गाडी इली गो!" असे ओरडायचे, की सगळ्या कठड्याला चिकटायच्या. अकरा वर्षे शेवटी द्वारकाच होती.

२००७ साली रस्ता रुंद झाला, पूल तेवढाच राहिला. एका सकाळी भरधाव गाडी तिच्या पदराला घासून गेली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज माका फुडे जावंदे गो."

शेवटची जागा कोणालाच नको होती. ती द्वारकेच्या नव्या सुनेच्या, संजनाच्या वाट्याला आली.

पुलाच्या मध्यावर मागून इंजिनाची घरघर आली. हाक आली नाही. द्वारकेने पाटी टाकली आणि ती गर्रकन वळली. गाडी सुसाट निघून गेली. संजना कठड्याला चिकटून उभी होती. तिचे तोंड उघडे होते, पण भीतीने आवाजच फुटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी द्वारका शेवटी जाऊन उभी राहिली.