संत्र्याच्या बागेतला ट्रायपॉड

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळली. फोटोंच्या गप्पा निघाल्या की चहा सांगायला उठायचो.

सत्तरच्या दशकात मी आणि कचेरीतला माझा मित्र, दोघांत मिळून एक कॅमेरा होता आणि वेडही एकच : किड्यांचे अगदी जवळून फोटो. आमच्या ट्रायपॉडचं डोकं, म्हणजे कॅमेरा बसतो तो वरचा भाग, मोडलं, तेव्हा नवं घ्यायला सीताबर्डीवर गेलो. दुकानात दोन प्रकार होते. एकाला तीन दांड्या, प्रत्येक दिशेसाठी वेगळी. दुसऱ्यात नुसता गोळा : सैल करा, हवा तसा वळवा, आवळा. दोन्ही पारखायला आम्ही फरशीवर पालथे पडलो आणि मालकाच्या चपलेवरच्या माशीवर नेम धरला.

मालक वाकून म्हणाला, "भाऊ, घ्याचं हाय का झोपाचं हाय?"

मित्राला दांड्यांचं हवं होतं. "जवळून काढाचं म्हणजे केसभरच सरकवा लागते गा. गोळा सैल केला का सारंच हालते."

"तुले काय ट्रॅक्टर चालवाचा हाय?" मी म्हणालो. मला गोळ्याची चकाकी आवडली होती. हसता हसता मीच जिंकलो.

घरी गोळा जरा अडखळत फिरे. मी त्याला शिलाई मशीनचं तेल पाजलं. मग असा फिरला की बायकोला स्वयंपाकातून उठवून दाखवला.

रविवारी पहिल्या एसटीनं काटोलची एक संत्र्याची बाग गाठली. मित्राचा एकही फोटो तोवर आमच्या फोटो काढणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात लागला नव्हता. यंदा कोषातून निघणारं फुलपाखरू द्यायचं, सारा रोल त्यानंच काढायचा, असं ठरलं होतं. बागवाला कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "पानं खाते थे अळी. अन् तुम्ही तिचे फोटो काढून राह्यले? लगन जमवता का तिचं?"

आम्ही हसून लोळलो. तेवढ्यात कोष फुटला. मी छत्री धरून वारा अडवला, मित्र बटण दाबत गेला. पुढच्या जड लेन्सनं कॅमेरा हळूहळू मान टाकत होता.

"घट्ट आवळलं गा, तरी खाली येऊन राह्यलं."

मी गोळा चाचपला. बोटं तेलकट झाली. "तुहा हात हालून राह्यला," मी म्हणालो.

रोल धुतला, तर प्रत्येक फोटोत नुसता धूर, सारं हललेलं. मंडळात त्याला 'भूकंप' नाव पडलं आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. मी गुपचूप रॉकेलनं गोळा पुसला. पुढच्या प्रदर्शनात मी काढलेला चतुर किड्याचा फोटो लागला. मित्रानं येणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून तो दाखवला. स्वतः मात्र पुन्हा बटण दाबलं नाही. छत्री धरायला हौसेनं यायचा.

त्याच्या नातवाच्या बारशाला मुलानं कॅमेरा त्याच्या हाती दिला. त्यानं तो माझ्याकडे सरकवला. "तूच काढ गा. माहा हात हालते."

पाहुणे पाळण्याभोवती उभे होते. मी फोटो काढला. त्या वर्षीच तो गेला. बारशाच्या दिवशीच कॅमेरा त्याला परत देऊन एवढंच बोलायला हवं होतं : तुहा हात कधीच हालला नाही गा, तेल मी लावलं होतं, मले माफ कर.