एकाच पत्त्यावरच्या दोघी

बाबांना लकवा मारला तेव्हा मी नागपूरची शाळेतली नोकरी सोडून पांढरकवड्याला घरी आले. शिकवण्यांवर भागत होतं. मग पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या मराठी मजकूर तपासायचं काम निघालं. जागा एकच होती. ऑनलाइन परीक्षा दिली, पेपर चांगला गेला. आठवडा उलटायच्या आत मेल आला: तुमची आणि आणखी एका उमेदवाराची परीक्षा एकाच वेळी, एकाच आयपी पत्त्यावरून दिली गेली आहे. उद्या दुपारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर दोन्ही अर्ज रद्द.

मी तो मेल उभ्यानेच वाचला. आई बाबांना चहा पाजत होती.

"काय झालं वं?" तिने विचारलं.

"कोणीतरी माझ्याबरोबर बसून परीक्षा दिली म्हणतात."

"कोण? त्या दिवशी तं तू दार लावून बसली होती. मी टीवी बी लावला नाही."

आयपी पत्ता म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या घराचा नंबर, एवढंच मला माहीत होतं. वायफायचा पासवर्ड मी कुणाला दिला नव्हता. लॅपटॉप उघडून मेलमध्ये दिलेला आयपी पत्ता इंटरनेटवर शोधला. तो आमच्याच इंटरनेटवाल्याच्या नावावर निघाला. अशा पत्त्यांचा एक पट्टाच त्याच्याकडे नोंदलेला होता, शेवटचा आकडा शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. बस, जेमतेम अडीचशे पत्ते. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक खांबावरून त्याचीच काळी वायर गेली आहे. सगळं गाव एवढ्याशा पत्त्यांत बसणार कसं? राउटरची सेटिंग उघडली, तर तिथे आमच्या कनेक्शनचा पत्ता भलताच. मग वाचत वाचत उलगडलं. घराचा पत्ता वेगळा, बाहेर जगाला दिसणारा वेगळा, आणि तो बाहेरचा कितीतरी घरांत मिळून एकच.

हे मला कळलं, पण पुण्याला कसं पटवायचं? मी आणि त्या दुसऱ्या उमेदवाराने मिळून कॉपी केली नाही, हे यातून कुठे सिद्ध होत होतं?

मी हायवेजवळच्या इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, एक पत्ता अनेक घरांना देता, एवढं लिहून द्या.

"असं कोणी मागत नाही जी," तो म्हणाला. मग बाकड्याकडे बोट केलं. "मघापासून त्या मॅडम बी हेच मागून राह्यल्या."

बाकड्यावर पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पुण्याची परीक्षा?"

"हो."

"म्हंजे तुम्हीच त्या. तुमच्यापायी माह्यावर आळ आला."

"माझ्यावरही आलाच आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. काउंटरवरचा माणूस आमच्याकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने त्यांनीच बाकड्यावर जागा केली. त्या सांगू लागल्या. नवरा ट्रक चालवायचा, हैदराबादच्या रस्त्याला अपघातात गेला. मराठीतलं एमए लग्नाआधीचं, तेव्हापासून पडून. आम्ही एकमेकींना पहिल्यांदाच बघत होतो आणि नेमकी ही भेटच आता अडचणीची झाली होती. दोघींनी एकच कारण, एकच चिठ्ठी पाठवली तर कंपनी म्हणणार, ओळख आहेच की. मी म्हटलं, आज भेटलो हे लिहूच नका.

"कायले लपवायचं?" त्या म्हणाल्या. "उद्या त्यांले कळलं तं? मी तं लिहीन, आज इथं भेट झाली म्हणून. तुमचं तुम्ही पाहा."

मला त्यांचा राग आला. माझं भवितव्य आता त्यांच्या मेलवर अवलंबून होतं.

बराच वेळ नागपूरच्या मुख्य ऑफिसला फोन लावून त्या माणसाने अखेर दोघींनाही दोन ओळी लिहून शिक्का मारला. निघताना त्या बाईंनी माझा नंबर मागून घेतला. घरी येऊन मी खुलासा लिहिला. भेटीचं वाक्य दोनदा खोडलं, शेवटी राहू दिलं आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपार गेली, उत्तर नाही. संध्याकाळी पुण्याहून फोन आला. दोघींची परीक्षा पुन्हा होईल, एकाच वेळी, कॅमेरा सुरू ठेवून, प्रश्न वेगवेगळे. कॅमेऱ्यासमोर मी प्रत्येक ओळ दोनदोनदा वाचत होते. शेवटचा उतारा अर्धाच तपासून झाला आणि वेळ संपली.

निकाल मला त्या बाईंच्या फोनवरून कळला.

"माह्यं झालं," त्या म्हणाल्या. "तुमाले मेल आला काय?"

"पाहिला नाही अजून."

जागा एकच होती. मी त्यांचं अभिनंदन केलं, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर मला मेल उघडवेना.

"कोणाचा होता?" आईने विचारलं.

मी सांगितलं. बाबांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. तिने त्यांचे खांदे धरले, मी पाय धरले.