नकाशातून पुसलेला तुकडा

सुकन्या आमच्या बारामतीच्या ऑफिसात सॅटेलाइटच्या चित्रांवरून पिकं ओळखायचं काम करते. मेंढरांमागं वाढलेली, घरातली पहिली पदवीधर. त्या चित्रांत डोळ्यांना न दिसणारे रंगही असतात. त्यांच्या आकड्यांवरून कॉम्प्युटर प्रत्येक ठिपका ऊस की मोकळं रान, हे ठरवतो. शंका आली की शेजारच्या ठिपक्यांकडं बघतो. शेजारी सगळे ऊस, तर हाही ऊस. शेजाऱ्यांचं किती ऐकायचं, ते सुकन्या ठरवून देते.

नकाशा पुरळ आल्यासारखा दिसतो म्हणून ते ऐकणं वाढवायला मी लावलं. मी साहेब ना! तिनं दोनदा सांगितलं, "सर, बारके तुकडे गिळले जातील." मी हसण्यावारी नेलं.

परवा दुपारी आमच्याकडून नकाशा घेतलेल्या मानसिंगरावांचा अंथुर्ण्याच्या शेतावरून फोन आला. राहतात बारामतीत, शेत वाटेकरी बघतो. "नकाशा झ्याक हाय. सलग ऊस दिसतोय. तोडीआधी पाला पेटवून घेतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कौतुकानं हे सांगितलं, तर सुकन्या पांढरीफटक पडली. तिची आत्या साखरबाई त्याच उसात होती. मधे ऊस मेलेला तुकडा होता आणि खतासाठी तिथं मेंढरं बसवायचं तिनं वाटेकऱ्याशी ठरवलं होतं. असं बोलणं इथं वाटेकऱ्याशीच होतं, मालकाला कोण विचारतो?

मानसिंगराव फोन उचलेनात. आत्याचा बंद. मोटारसायकलवर सुकन्या मागं बसून पुन्हा पुन्हा नंबर लावत होती. लांबून धूर दिसला. खोटं कशाला सांगू, परत फिरावंसं वाटलं.

पोचलो तेव्हा ऊस धडधडून पेटला होता. "आत्ये!" सुकन्याचा आवाज फाटला. बराच वेळ नुसतं तडतडणं ऐकू येत राहिलं. मग पलीकडच्या बांधावरून साखरबाई आली, दोन्ही काखांत एकेक कोकरू. मोठी मेंढरं चरायला गेली होती म्हणून वाचली. त्या तुकड्यात जाळीच्या कुंपणात आठ कोकरं कोंडलेली होती. सहा आतच राहिली.

मानसिंगराव मोबाइल पुढं करत होते. "हे बघा बाई, समदा ऊसच हाय की!"

साखरबाईनं तो हिरवा चौकोन निरखून बघितला.

"यात मी कुठं हाय गं, सुकन्या?"

सुकन्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्या हिरव्याच्या मधोमध बोट ठेवलं.