कापलेला माथा

प्रॅक्टिकलच्या तासाला ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवी लाट वर चढते आणि ठरावीक उंचीवर तिचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. क्लिपर सर्किटमधला एवढासा डायोड तिला त्याहून वर जाऊ देत नाही.

आज एका टेबलावर मुलींनी डायोड उलटा लावला. माथा शाबूत राहिला, तळ कापला गेला. मी उठायच्या आत त्यांनी हाक मारली, "वैशाली मॅडम, जरा बघता का?" बावीस वर्षं ही लॅब मी सांभाळतोय, मॅडम परवापरवा आल्या.

"अगं, माझाही पहिल्यांदा उलटाच लागला होता," म्हणत मॅडमनी तो फिरवला. मुली हसल्या. माझाही उलटाच लागला होता. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही.

"छान समजावलंत," मी बेताच्या आवाजात म्हणालो. आतली लाट बरीच उंच होती. कापलेलं व्होल्टेज नाहीसं होत नाही, ते डायोडच्या आधीच्या रेझिस्टरला सोसावं लागतं, हे दरवर्षी मीच फळ्यावर लिहितो.

तास संपल्यावर सर्किट सुटं करताना मी त्या रेझिस्टरला बोट लावून पाहिलं. तो कोमटसुद्धा नव्हता. मला त्याचाही हेवा वाटला.