सोळा अँपिअरचा इतिहास

“मॅडम, तुमचं स्टेशन बंद पडलंय का?” फोनवरचा माणूस विचारत होता.

मी कंट्रोल रूममध्ये बसले होते. समोर ट्रान्समीटर घरघरत होता, मॉनिटरच्या स्पीकरवर नादस्वरम चालू होतं, हिरवे दिवे सगळे लागलेले होते. मी म्हटलं, “स्टेशन व्यवस्थित चालू आहे. तुमचा सेट दुकानात दाखवून घ्या.”

“दोन सेट दाखवले. तिसरा नवा घेतला. तिन्हींत विहिरीतून बोलल्यासारखं येतंय.”

या माणसाचं नाव मुरुगेसन. एन्नोरच्या एका कुप्पमचा, म्हणजे कोळीवाड्याचा. त्याची बोट दोन-दोन दिवस समुद्रात असते. किनारा सोडून बरंच आत गेलं की मोबाइल मुका होतो. मग हवामानाची सूचना ऐकायला त्याच्याकडे एकच साधन उरतं, ते म्हणजे आमचं मीडियम वेव्ह स्टेशन. मीडियम वेव्ह म्हणजे आजोबांच्या रेडिओवरची ती खरखरणारी पट्टी. एफएम शहराबाहेर थोडं गेलं की संपतं. ही लहर जमिनीला आणि समुद्राच्या पाण्याला धरून लांबवर जाते. म्हणून तर या काळातही ते अवजड यंत्र आम्ही पोसत होतो.

मुरुगेसनचा हा तिसरा फोन होता. आधीचे दोन शिफ्टवाल्यांनी घेतले होते आणि तक्रारवहीत ‘श्रोत्याचे समाधान केले’ असं लिहून टाकलं होतं. समाधान झालेला श्रोता आता माझ्यावर चिडला होता.

“ऑक्टोबर संपत आला,” तो म्हणाला. “वादळाचे दिवस आहेत. बोटीवर आम्ही सहा जण असतो. सूचना ऐकू आली नाही तर आम्ही परत फिरायचं कशावरून?”

मी “बघते,” म्हटलं आणि फोन ठेवला.

मी मूळची साताऱ्याची, पण नोकरीची बहुतेक वर्षं चेन्नईत काढली आणि राहिले वेस्ट मांबलममध्ये. ऑफिसात आमचं बोलणं तमिळ आणि इंग्रजीत व्हायचं. ते इथे मराठीत सांगते आहे. त्या वर्षी मी ट्रान्समीटरची इंजिनिअर-इन-चार्ज होते आणि ऑफिसात कुणालाच ट्रान्समीटरकडे बघायला वेळ नव्हता. कारण स्टेशनचा इतिहास लिहायचं काम चाललं होतं.

आमचे डायरेक्टर रंगराजन सर. स्टेशनचा वर्धापनदिन त्यांनी फारच मनावर घेतला होता. स्मरणिका निघणार होती. तिच्यासाठी आठ जणांची कमिटी होती. पूर्वी पार्कात आणि बीचवर कर्णे लावून लोकांना रेडिओ ऐकवत, त्या काळापासून सुरुवात करायची होती. माइकवर पहिलं ‘वणक्कम’ कोण म्हणालं यावरून दोन निवृत्त निवेदक एकमेकांशी बोलेनासे झाले होते. याशिवाय मास्टच्या पायथ्याशी ‘हेरिटेज पार्क’ झालं होतं. मास्ट म्हणजे आमचा उंच लोखंडी खांब. मीडियम वेव्हमध्ये तो खांब स्वतःच एरियल असतो. त्याच्याभोवती आता हिरवळ होती, फरशीची पायवाट होती आणि काचेच्या पेट्यांची एक छोटी गॅलरी होती. शुक्रवारी पाहुण्यांच्या हस्ते उद्‌घाटन व्हायचं होतं. आणि तो दिवस सोमवार होता.

मी लॉगबुक काढलं. लॉगबुक ही ट्रान्समीटरची रोजनिशी. दर तासाला मीटरचे आकडे त्यात लिहायचे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा आकडा अँटेना करंटचा, म्हणजे खांबात प्रत्यक्षात किती वीज चढते त्याचा. आमचा ठरलेला आकडा सोळा अँपिअर. मी पानं उलटत गेले. सोळा, सोळा, सोळा. चार महिने प्रत्येक तासाला सोळा. इतकं निरोगी यंत्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मग एका पानावर थांबले. जुलैत एका दुपारी आम्ही देखभालीसाठी ट्रान्समीटर तीन तास पूर्ण बंद ठेवला होता. त्या तीन तासांतही अँटेना करंट सोळाच होता.

प्रत्येक महिन्याच्या शेवटी खाली सही होती. माझी.

मी रावांना हाक मारली. राव म्हणजे आमचे सीनियर टेक्निशियन, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. माझ्याशी ते आपल्या घरच्या जुन्या मराठीत बोलत.

“राव, हे सोळा कुठून येतात?”

“वरून, मॅडम.”

“वरून म्हणजे?”

“वरच्या ओळींतून,” राव शांतपणे म्हणाले. “तो मीटर खांबाखालच्या खोलींत आहे. तिकडे नल्ल पांबू आहे म्हणून सांगतात. मी स्वतः पाहिला नाही. पण तेव्हांपासून कोणी जाईना. मागलं पाहून लिहितात सगळे. मीही लिहितों.”

नल्ल पांबू म्हणजे नाग. ती खोली कंट्रोल रूमपासून चालत पाच मिनिटांवर होती. चार महिने एका न दिसलेल्या नागाने आमचं लॉगबुक भरलं होतं.

मी गमबूट घातले, काठी घेतली आणि निघाले. राव मागोमाग आले. खोलीत नाग नव्हता. एक बेडूक होता आणि मीटरवर धूळ होती. मी धूळ पुसली. काटा अकरावर होता.

सोळाच्या जागी अकरा म्हणजे फार कमी वाटत नाही. पण ताकद करंटच्या वर्गाने मोजतात. आमचा आवाज निम्म्याहूनही कमी झाला होता. ट्रान्समीटर पूर्वीइतकीच वीज खात होता, फक्त ती हवेत जायच्या ऐवजी जमिनीत मुरत होती. मुरुगेसन विहिरीतून म्हणत होता, ते काही फार चुकीचं नव्हतं.

आता थोडं तांत्रिक. मीडियम वेव्हचा खांब एकटा काम करत नाही. त्याच्या बुंध्यापासून चारी दिशांना, छत्रीच्या काड्यांसारख्या, शंभराहून जास्त तांब्याच्या तारा जमिनीत वीतभर खोल पुरलेल्या असतात. त्यांना अर्थ मॅट म्हणतात. खांब जितका महत्त्वाचा, तितक्याच त्या तारा. फक्त त्या दिसत नाहीत, त्यामुळे त्यांची कुणी स्मरणिका काढत नाही.

मी बाहेर आले आणि त्या सुंदर हिरवळीकडे बघत उभी राहिले.

“राव, ही हिरवळ कधी केली?”

“जूनांत. जेसीबी आला होता. जमीन सारखी केली.”

जूनमध्ये मी रजेवर होते. तेवढ्यात मला आणखी एक गोष्ट आठवली. रजेवर असताना रावांचा फोन आला होता, ट्रान्समीटर सारखा ट्रिप होतोय, म्हणजे आपोआप बंद पडतोय म्हणून. मी म्हटलं होतं, ‘ट्यूनिंग जुळवून घ्या आणि चालवा.’ का ट्रिप होतोय, हे मी विचारलंच नव्हतं. लग्नाच्या पंगतीत बसले होते. राव हुशार कारागीर, त्यांनी ट्यूनिंग जुळवलं. आजार तसाच राहिला, ताप मात्र उतरला.

“तारा निघाल्या असतील ना खोदताना? कुठे गेल्या?”

रावांनी गॅलरीकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या काचेच्या पेटीत, लाल मखमलीवर, तांब्याच्या तारेचं एक मोठं भेंडोळं ठेवलेलं होतं. ब्रासो लावून चकचकीत केलेलं. खाली तमिळ, इंग्रजी आणि हिंदीत पाटी: ‘केंद्राच्या स्थापनाकाळातील तार.’

मला आधी हसू आलं. मग इतका राग आला की पेटीवर काठी हाणावीशी वाटली. चालत्या माणसाचे पाय कापून ते त्याच्याच दिवाणखान्यात शोभेला मांडले होते.

रंगराजन सर स्मरणिकेची प्रुफं तपासत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“किती महत्त्वाचं आहे हे?”

“सर, समुद्रात आपलं स्टेशन ऐकू जात नाही. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय, आजच्याच बुलेटिनमध्ये आहे. आणि ते बुलेटिन ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीये.”

“काय करावं लागेल?”

“हिरवळ उखडायची. तारा परत पुरायच्या.”

“शुक्रवारनंतर.”

“सर, कमी दाबाच्या पट्ट्याला आपली निमंत्रणपत्रिका गेलेली नाही.”

ते हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं लॉगबुक घेतलं, दोन पानं उलटली आणि माझ्यापुढे धरलं. “इथे तर सोळा आहे. सही तुमची आहे. चार महिने सोळा होतं आणि आज, उद्‌घाटनाच्या आठवड्यात, अकरा झालं? वर कळलं तर पहिली चौकशी कुणाची होईल?”

ते बरोबर बोलत होते. म्हणूनच मला जास्त झोंबलं. माझी, रावांची आणि शिफ्टमधल्या सगळ्यांची बाजू लंगडी होती. गप्प बसून शुक्रवार पार पाडला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. म्हणजे आमच्यापैकी कुणाचं.

मी कंट्रोल रूममध्ये परत आले, खुर्चीत बसले आणि लाल शाईने त्या तासाच्या रकान्यात लिहिलं: अकरा. खाली सही केली.

आमच्याकडे एक नियम होता, आहे. अँटेना करंट ठरलेल्या आकड्यापेक्षा इतका घसरला की त्याच दिवशी हेडऑफिसला कळवावं लागतं आणि दुरुस्ती सुरू झाल्याचंही कळवावं लागतं. हा नियम कुणाला फारसा माहीत नव्हता, कारण सोळाच्या खाली आमच्याकडे कधी काही गेलंच नव्हतं.

मी तो डायरेक्टरांना फोनवर वाचून दाखवला. दहा मिनिटांत ते स्वतः कंट्रोल रूममध्ये आले. या इमारतीत त्यांचं पाऊल फक्त फोटोसाठी पडायचं.

“हे खोडा. सोळा करा.”

मी पेन त्यांच्यापुढे धरलं. “तुम्ही करा, सर. खाली सहीही करा.”

ते पेनकडे बघत राहिले. राव भिंतीकडे बघत राहिले. पेन मी तसंच धरून ठेवलं.

“गुरुवार संध्याकाळपर्यंत होईल?” शेवटी त्यांनी विचारलं.

“होईल.”

झालं. मंगळवारी सकाळी काचेची पेटी उघडली आणि स्थापनाकाळातील तार परत कामावर रुजू झाली. ती एकटी पुरेशी नव्हती हे उघड होतं. राव हिरवळ करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या शेडवर गेले, तर तिथे उरलेल्या आमच्या तारांवर मजुरांचे शर्ट आणि लुंग्या वाळत होत्या. राव म्हणाले, “कपडे काढायला सांगितलं तर बायका भांडायला उठल्या, मॅडम. शेवटी नायलॉनची दोरी घेऊन दिली, तेव्हां सोडलं.” तीन दिवस आम्ही हिरवळीत चर खणत होतो. प्रत्येक जोड रावांनी स्वतः, ऊन डोक्यावर घेऊन, चांदीमिश्रित ब्रेझिंगने केला. साध्या सोल्डरच्या जोडाला जमिनीतला ओलावा लवकर खातो. त्या तीन दिवसांत हा माणूस एकदाही ‘निवृत्तीला आलो’ असं म्हणाला नाही.

गुरुवारी दुपारी मी पुन्हा खोलीत गेले. काटा साडेपंधरावर थांबला. मी साडेपंधरा लिहिलं. शिफ्टवाला म्हणाला, “सोळाच लिहूया ना मॅडम, बरं दिसतं.” त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग मी मुरुगेसनला फोन लावला. लागला नाही. बोट बुधवारीच निघाली होती. म्हणजे आम्ही दुरुस्ती केली ती वेळेत होती की उशिरा, हे त्या क्षणी कुणालाच सांगता येत नव्हतं. संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये इशारा गेला: मच्छीमारांनी परत यावं. मी तो दर अर्ध्या तासाने लावायला सांगितला. ड्यूटी ऑफिसर म्हणाला, मधले प्रायोजित कार्यक्रम तोडावे लागतील. मी म्हटलं, तोड.

शुक्रवारी समारंभ झाला. चरांवर लाल गालिचा अंथरला होता. पाहुणे म्हणाले, या केंद्राची मुळं या मातीत खोल गेलेली आहेत. माझ्या माहितीप्रमाणे वीतभर, पण मी टाळ्या वाजवल्या. माझं लक्ष सगळं फोनकडे होतं. वारा सुटला होता आणि मांडवाची कनात फडफडत होती.

फोन चारच्या सुमारास वाजला.

“मॅडम, मुरुगेसन. पहाटेच परत आलो. काल संध्याकाळी आवाज अगदी कानात बोलल्यासारखा आला. आम्ही ऐकलं आणि शेजारच्या चार बोटींनाही ओरडून सांगितलं.” मी काही बोलणार तेवढ्यात तो पुढे म्हणाला, “पण रात्री जुनी गाणी लागतात ती का मध्येच तोडली हो?”

मी मांडवाच्या मागे जाऊन रडले. रडण्यासारखं काय होतं, ते रावांनी विचारलं नाही.

स्मरणिका देखणी निघाली. त्यात लिहिलं आहे की केंद्राच्या ध्वनिक्षेपणात आजवर कधीही उणेपणा आलेला नाही. पुराव्यादाखल लॉगबुकाच्या एका पानाचा फोटो छापला आहे. जुलैतलं पान आहे. सगळे सोळा.

महिनाभराने मला मेमो आला. चार महिन्यांचे आकडे समाधानकारक असताना अचानक अकरा ही नोंद का, याचा खुलासा करावा. सोळांबद्दल कुणाला काहीच विचारायचं नव्हतं. या नोकरीत मी एक शिकले, की खोटा आकडा सरळ रेषेत असेल तर त्याला कुणी हटकत नाही.

मी सगळा प्रकार खरा लिहून कळवला, माझ्या चार सह्यांसकट आणि जूनमधल्या त्या फोनसकट. प्रक्षेपणात दोष असल्याचं एन्नोर येथील मुरुगेसन यांनी फोनवरून लक्षात आणून दिलं, असंही लिहिलं. त्यावर पुन्हा पत्र आलं. सदर मुरुगेसन यांचा हुद्दा काय, आणि प्रक्षेपणाच्या दर्जाविषयी अभिप्राय देण्याचा त्यांना अधिकार कोणता, हे स्पष्ट करावं.

मी एका ओळीत उत्तर दिलं: हुद्दा, श्रोता.

त्यानंतर वरून पत्र आलं नाही.