माणिकअण्णांचा शंखाचा दगड

माणिकअण्णा कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंत वाजवून बघत. मधल्या बोटाच्या पेरानं टक टक करायचं, कान तिरपा करायचा. आमचं घर बांधलं तेव्हा गवंड्यादेखत म्हणाले, "प्लास्टर सुटायलंय, मास्तरीण." गवंडी चिडला, पण दिवाळीपर्यंत पोपडा पडलाच. जनवाड्याच्या शिवारात अण्णांनी जन्मभर विहिरी खोदल्या आणि दगडाच्या आवाजावरून पाण्याचा अंदाज सांगितला. "आवाज खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतंय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका जागी पाच मिनिटं बसणं त्यांना कधी जमलं नाही.

त्यांची बायको सुभद्राक्का गेली आणि त्यांचे पाय घरात ठरेनात. विहिरीत अण्णा पहार मारत, अक्का दगडमातीची टोपली डोक्यावर घेऊन वर येई. संसार असाच झाला. महिनाभरानं अण्णा माझ्या दारात आले. भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही.

"हैदराबादच्या म्युझियममधी माझा दगड हाय. मला तिथं ने."

"बघायला?"

"बघायला न्हाई. नाव खोडायला."

गोष्ट जुनी होती. एका विहिरीत काळ्या दगडाखाली पांढुरका थर लागला. त्यातला एक तुकडा अण्णांनी टोपलीत भिरकावला. वर अक्कानं तो धुतला, तर आत गोगलगाईच्या शंखांचे ठसे. तिनं तो चुलीमागच्या कोनाड्यात जपून ठेवला. पुढं दगडमातीच्या सरकारी पाहणीला साहेब आले, दगड बघून हरखले आणि कुणाला सापडला म्हणून विचारलं. "मलाच," अण्णा म्हणाले. साहेबांनी तेच नाव लिहून घेतलं आणि दगड हैदराबादला नेला. अक्का शेजारीच उभी होती.

"भांडली असती तर बरं झालं असतं," अण्णा म्हणाले. "जन्मात एक अक्षर बोलली न्हाई. आता कुणापाशी कबूल करू?"

सकाळच्या बसनं निघालो. बस कुठंही थांबली की अण्णा उठून उभे. जहिराबादला अर्धा चहा टाकून पळाले. "बसायलीस कामून? उशीर व्हायलाय!" मला त्यांचा रागच आला, खोटं कशाला सांगू.

संग्रहालयात शिरताच समोर डायनोसॉरचा भलामोठा सांगाडा. सहलीला आलेली पोरं माना वर करून गप्प उभी होती. अण्णांनी दोरी ओलांडून थेट त्याच्या पायाच्या हाडावर टक टक केलं.

"हात नक्को लगाओ बाबा!" पहारेकरी धावत आला.

"ये तो पोला है!"

"असली नै है. सब कू मालूम."

अण्णांचं तोंड उतरलं. एवढं धूड आतून पोकळ, तर आपला दगड तरी खरा असेल का? मग वाघ, मगर, देवमाशाचा जबडा, कशापुढंही ते थांबले नाहीत. मी मागं धापा टाकत होते. शेवटी वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत तो सापडला. खालची इंग्रजी चिठ्ठी मी वाचून दाखवली: शोधणारा माणिक, जनवाडा. मला क्षणभर अभिमान वाटला. अण्णांनी मान फिरवली.

तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग इतक्या वर्षांनी पुरावा काय, असं विचारलं. ते मी अण्णांना मराठीत सांगितलं.

"पुरावा मीच की! खोटं मी बोललोय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी नोंदवही काढली आणि दोघांचंही नाव लिहू का म्हणाल्या. "न्हाई. तिचं एकटीचंच," अण्णा म्हणाले. बाईंनी नाव बदललं, चिठ्ठी नवी छापायचं कबूल केलं आणि पेटी उघडून दगड मऊ कापडावर ठेवला. अण्णांनी हात शर्टाला पुसला. टक टक. कान तिरपा. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले.

"खरा आहे ना?" मी विचारलं.

"हाय. बोलायलीय."

"काय म्हणतेय?"

"शिव्या द्यायलीय." ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मीही रडले.

अण्णांना जाऊन आता वर्ष झालं. त्यांची आठवण आली की मला परतीचं जहिराबाद दिसतं. चहा पिऊन झाला होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मी पर्स घेऊन उभी, आणि अण्णा बाकड्यावर पाय पसरून निवांत बसलेले.

"बस की, मास्तरीण. कामून घाई करायलीस?"